वेजवाला रस्सा

सासऱ्यांची, भय्यासाहेबांची, पंच्याहत्तरी हर्षलच्या हॉटेलात करायची हे ठरलं तेव्हा भार्गवीला कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कुणाचा निकाल लागो, कुणाचं बारसं असो, नाहीतर इंदूरहून पाहुणे येवोत, या घराचे पाय उज्जैनच्या देवास गेटकडेच वळायचे. तिथे बस स्टँडच्या अलीकडे धाकट्या दिरानं, हर्षलनं, 'शिलेदार रसोई' थाटली होती. पूर्वज घोड्यावर बसून माळव्यात आले, त्यांच्या नावानं आता मटण शिजत होतं आणि ते गावभर गाजलंही होतं. पाटीवर मात्र ठसठशीत लिहिलेलं होतं, 'वेज-नॉनवेज'. त्यातलं वेज म्हणजे दाल तडका, जीरा आलू आणि पनीर.

तिथे बसून हे वेज खाणारी घरातून एकटी भार्गवी.

ती जन्मानं काही शाकाहारी नव्हती. माहेरीही रविवारी मटणच शिजायचं. पण मुलगा अर्णव नुकता शाळेत जायला लागला होता त्या सुमारास एके दिवशी तिनं ताटातली वाटी बाजूला सारली, ती पुन्हा कधी पुढे ओढली नाही. लोकांनी कारणं विचारून तिला भंडावून सोडलं. गुरू केलास का, डॉक्टरांनी बंद केलं का, नवस आहे का. ती म्हणायची, मन उठलं. हे उत्तर कुणालाच पटत नसे. श्रावणात महिनाभर सोडणाऱ्याला या गावात लोक हात जोडतात, पण बारा महिने उगाचच सोडणारी बाई म्हणजे नखरेल. तिनं नंतर सांगणंच सोडून दिलं. विद्युत मंडळात सहायक अभियंता होती ती, दिवसभर लाइनमन आणि ठेकेदारांशी भांडून यायची. घरी तरी भांडण नको, असं तिला वाटायचं.

हर्षलशी मात्र ती या विषयावर बोलली होती, एकदा नाही, पुष्कळदा. "भाऊजी, पाटवड्यांचा रस्सा ठेवा. फणस ठेवा, भरली वांगी ठेवा, अख्खा मसूर ठेवा. मसाला तुमचाच, हात तुमचाच, फक्त मटण नको. बघा लोक कसे खातात ते."

हर्षल हसायचा. "वहिनी, वेज खाने वालों के लिए तो पूरा उज्जैन पड़ा है."

"पडलंय ना. पण माझी माणसं तुमच्या टेबलाशी बसतात."

यावर तो पुन्हा हसायचा आणि तिच्यापुढे पनीर यायचं.

पंच्याहत्तरीच्या रविवारीही तसंच झालं. मोठं टेबल लावलेलं, मध्ये भय्यासाहेब, त्यांच्या गळ्यात हार. सुकं आलं, पांढरा रस्सा आला, खिमा आला, कलेजी आली, आणि प्रत्येक वाडगं आलं की त्याचं वर्णन करत हर्षल स्वतः वाढत होता. शेवटी वेटरनं भार्गवीपुढे लाल तर्रीचं पनीर ठेवलं. चव नेहमीसारखीच चांगली होती, हे तिला नंतर फार लागलं. दुसऱ्या की तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कचकन आलं. तिनं बोटानं काढून पाहिलं. हाडाची कपची होती, नखाएवढी.

तिनं ती ताटाच्या कडेला ठेवली आणि हळूच म्हटलं, "भाऊजी, हे काय आहे?"

हर्षल वाकला. त्यानं पाहिलं आणि चक्क हसला. "अरे, गाळणीतून सुटलं वाटतं. सांगतो त्यांना."

"गाळणीतून म्हणजे?"

"म्हणजे यखनी गाळूनच घालतात ना वहिनी. मटण उकडलेलं पाणी. ग्रेव्ही सगळ्यांची एकच असते, तिच्याशिवाय चव कुठून येणार? पीस बीस काही नसतात, काळजी करू नका."

"माझ्या पनीरमध्ये हे पाणी असतं?"

"सगळ्याच वेज ग्रेव्हीत असतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." तो अजून हसतच होता. आपण काही कबूल करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. "आणि तुम्हीच तर म्हणायच्या, हर्षल भाऊजींच्या पनीरला तोड नाही म्हणून."

टेबलावर दोघातिघांना हसू आलं. सासूबाई, सुलभाताई, मऊ आवाजात म्हणाल्या, "अगं, रस्साच तर आहे. तुकडे थोडेच खाल्लेस तू." भय्यासाहेब म्हणाले, "जेवणाच्या वेळी चौकश्या नकोत." आणि तिचा नवरा आल्हाद, शेजारी बसलेला, तिच्या मनगटावर हात ठेवून पुटपुटला, "सोड ना. आज वाढदिवस आहे."

भार्गवी उठली. आवाज तिनं चढवला नाही, पण जे बोलली ते शेजारच्या टेबलांपर्यंत गेलं. "इतकी वर्षं तुम्ही मला जे मी खात नाही तेच खाऊ घातलं, आणि आता त्यावर हसताय." शेजारी गळ्यात गमछा घातलेला एक जाडजूड माणूस जेवत होता, त्यानं हातातलं हाड चोखता चोखता मान वर करून पाहिलं. ती बेसिनवर गेली, खूप वेळ चूळ भरत राहिली आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

आल्हाद बऱ्याच वेळानं आला. गाडी फ्रीगंजच्या पुलावर आली. मग तो म्हणाला, "हर्षलचं चुकलंच. पण त्याच्या मनात वाईट नव्हतं, तुला माहीत आहे."

त्याच्या बोलण्यात काहीतरी कमी होतं. भार्गवी विचार करत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं, त्यात आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यानं गिअर बदलला.

"आल्हाद, तुला माहीत होतं का?"

"मागच्या होळीला बोलता बोलता म्हणाला होता तो."

"आणि त्यानंतरही तू मला तिथे नेत राहिलास. माझ्यासाठी पनीर तूच मागवायचास."

"तुला आवडायचं म्हणून. मला वाटलं, कळलंच नाही तर त्रास कसला होणार? सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, घरात दोन तट पडले असते."

"म्हणजे तट पडू नयेत म्हणून माझ्या तोंडात घातलंत ते."

"तू फार ताणतेस."

ती पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर गाडीतच किंचाळली असती, आणि मग तो जन्मभर त्या किंचाळण्याबद्दलच बोलला असता. माधव नगरच्या घरी पोचल्यावर तिनं स्वतःपुरता भात टाकला, वरण केलं आणि ओट्यापाशी उभ्यानंच जेवली. राग मटणाचा नव्हता. ती ज्या घरात वाढली तिथेही ते शिजत होतं आणि तिला त्याची किळस कधी आलीच नाही. एका बाईनं आपल्या ताटापुरतं एक ठरवलं आणि ते चारचौघांनी मिळून, हसत हसत, तिच्या पाठीमागे मोडलं, हा राग होता. तो काही केल्या खाली बसेना.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सुलभाताईंचा सोमवार कधी चुकला नव्हता. दिवसभर पाणी आणि चहा, संध्याकाळी एकदाच जेवण. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना स्वयंपाकघरात उभं राहवत नसे, आणि भार्गवीला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा, म्हणून सोमवारचा डबा हर्षल पाठवायचा. पोळ्या, भात, वेजवाला रस्सा.

त्या संध्याकाळी भार्गवी लवकर आली. सासूबाई दिवा लावून टेबलाशी बसल्या होत्या, डबा उघडलेला, लाल रस्सा वाटीत काढलेला. भय्यासाहेब समोर पेपर वाचत होते. ती दारातच थांबली. सांगावं की नाही असा विचार तिला पडला, असं म्हणणं खोटं होईल. कालचं 'रस्साच तर आहे' कानात होतंच.

"आई, हा डबा वेगळा करतात का?"

"वेगळा म्हणजे?"

"मटणाचं पाणी न घालता."

सुलभाताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "माझा मुलगा आहे तो. आईचा सोमवार त्याला कळतो."

"विचारा त्याला."

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर, बहुतेक सुनेला ऐकवायलाच. पलीकडून आधी भांड्यांचा आवाज आला, मग हर्षलचा. आईनं विचारलं.  भय्यासाहेबांनी पेपर खाली घेतला.

"आई, किचनमध्ये ग्रेव्ही एकच असते ना. डबा पोरं भरतात. माझ्या डोक्यातच नाही आलं कधी."

सुलभाताईंनी फोन ठेवला, वाटीतला रस्सा पुन्हा डब्यात ओतला, झाकण लावलं. हात धुवायला उठल्या तेव्हा भार्गवीनं आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"सुलभा, एवढं मनाला लावून घेऊ नको," भय्यासाहेब म्हणाले. "नकळत झालेलं देवाला लागत नाही."

"तुम्हाला लागत नाही," त्या म्हणाल्या. "देवाचं मी बघते."

भय्यासाहेबांना असं उत्तर त्या घरात कुणी दिलं नव्हतं. ते पेपर घेऊन आत गेले. सुलभाताईंनी त्या रात्री दूधसुद्धा घेतलं नाही. आपण जिंकलो असं भार्गवीला वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. उलट रागाचा एक नवा थर चढला, कारण आपलं दुखणं त्यांना कळायला त्यांचं स्वतःचं ताट विटाळावं लागलं.

मंगळवारी दुपारी ऑफिसात तिला भेटायला पाच-सहा जण आले. पुढे तोच गमछावाला. वॉर्डात त्याला सगळे भैयाजी म्हणत. खुर्ची ओढून तो बसला, मागच्या एका पोरानं मोबाइल वर धरला.

"दीदी, आपके साथ जो हुआ, पूरे शहर का अपमान है. महाकाल की नगरी में ऐसा धोखा. आप बस एक शिकायत लिख दीजिए, बाकी हम देख लेंगे. कल ही ताला लगवा देते हैं."

"ताला किस बात का?"

"धर्म भ्रष्ट किया है आपका."

"मेरा धर्म आपसे किसने पूछा?" भार्गवी म्हणाली. "मेरी प्लेट की बात है. जाइए, मुझे काम है."

तो उठला, पण जाताना म्हणाला, "आप न लिखें तो भी हम तो जाएँगे, दीदी. जनता का मामला है."

बुधवारी सकाळी तिच्या लाइनमनचाच फोन आला. मॅडम, देवास गेटवर तुमच्या दिराच्या हॉटेलपुढे गर्दी जमलीय. भार्गवी ऑफिसच्या जीपनं निघाली. वाटेत तिला हर्षलची काळजी अजिबात वाटत नव्हती. त्याचं व्हायचं ते होऊ दे, असंच मनात होतं. पण आपल्या नावानं दुसरंच कुणी भांडतंय, आणि उद्या गावात म्हणतील की भार्गवीनं दिराचं हॉटेल बंद पाडलं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. ज्या गावात आधीच मटण खाणारा खाली मान घालून पिशवी घरी नेतो, तिथे आणखी एक शटर पाडायला आपलं ताट वापरलं जाणार होतं.

शटर अर्धं खाली होतं. पायरीवर हर्षल उभा, चेहरा पांढरा पडलेला. त्याला वाटलं वहिनीच यांना घेऊन आल्या. भैयाजीनं तिला पाहिलं आणि गर्दीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "लीजिए, दीदी खुद आ गईं."

मोबाइल वर गेले. भार्गवी पायरी चढून वर उभी राहिली.

"शिकायत मेरी है," ती म्हणाली. "आपमें से किसी की नहीं. और मुझे ताला नहीं चाहिए."

"तो क्या चाहिए आपको?"

"मुझे यहीं बैठकर खाना है. अपने घरवालों के साथ, एक ही टेबल पर. वो मटन खाएँ, मैं अपनी सब्जी खाऊँ, और सब्जी सच में सब्जी हो."

"ऐसी जगह पर?" भैयाजीनं नाक मुरडलं.

"ऐसी ही जगह पर. संडे को आप बगलवाली टेबल पर थे. मेरी बात आपने वहीं सुनी. तब आपके हाथ में क्या था, बताऊँ इनको?"

गर्दीत कुणीतरी खिदळलं. मोबाइल धरलेल्या पोरानं तो हळूच खाली घेतला. भैयाजी थोडा वेळ काहीबाही बोलला, तपासणी, अधिकारी, बघून घेऊ. पण मजा गेली होती, आणि बस स्टँडवरून जमलेले लोक आपापल्या बसकडे पांगायला लागले.

हर्षल दोन्ही हात जोडून पुढे आला. "वहिनी, तुम्ही आज इज्जत वाचवली."

"तुमच्यासाठी नाही आले मी," भार्गवी म्हणाली. "किचन दाखवा."

आत चार मोठ्या शेगड्या, पण ग्रेव्हीचं एकच पातेलं, एकच पळी. तिनं सगळं नीट पाहिलं, ऑफिसात सबस्टेशन तपासावं तसं. "वेजची शेगडी वेगळी हवी. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या, हात वेगळे. ग्रेव्ही वेगळी. आणि पनीर सोडून वेजचे पाच-सहा चांगले पदार्थ हवेत, ज्यासाठी माणूस मुद्दाम इथे येईल. आमच्यासारखे काय शिक्षा म्हणून जेवतात का इथे?"

"करतो. सगळं करतो."

"आणि बाहेर बोर्ड. आतापर्यंत वेज ग्रेव्हीत मटणाचं पाणी पडत होतं, ज्यांनी खाल्लं त्यांची माफी."

हर्षलचा चेहरा पालटला. "ते नाही होणार वहिनी. धंदा बसेल माझा. पुढचं सगळं नीट करतो म्हणतोय ना? मागचं उकरून कुणाचं भलं होणार?"

"मागचं ज्यांनी खाल्लं त्यांना कळायला नको?"

"नाही कळलं तर त्यांना त्रासही नाही."

हेच वाक्य तिनं रविवारी गाडीत ऐकलं होतं. दोघं भाऊ एकाच साच्यातले. तिचा हात शिवशिवला, तिनं ओट्याची कड घट्ट धरली. "तुम्ही नाही लावला तर मी लावीन. आणि मी लावला तर त्यावर माफी नसेल, नुसतं तुमचं नाव असेल."

"लाव तो बोर्ड, हर्षल."

दोघांनी वळून पाहिलं. सुलभाताई दाराशी उभ्या होत्या, एका हातात काठी, दुसरा हात चौकटीवर. गर्दीचं कुणाकडून तरी कळलं म्हणून एकट्याच ई-रिक्षानं आल्या होत्या. माधव नगरहून इथवर, त्या गुडघ्यांनी.

"आई, तू तरी समजून घे."

"माझ्यासारख्या किती बायका इथून सोमवारचं नेत असतील? नाही लावलास तर मी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या एकेकाला सांगते. मला काही काम नसतं."

हर्षलनं आईकडे पाहिलं, मग भार्गवीकडे, आणि खाली मान घालून बाहेर गेला.

बोर्ड लागला. तीन ओळींचा, हिंदीत, गल्ल्याच्या वर. त्यानंतरचे दिवस हर्षलला जड गेले. एक कुटुंब येऊन गल्ल्यापाशी तासभर भांडून गेलं, जुनी वेज गिऱ्हाइकं तुटली, फोनवर शिव्या आल्या. घरातही वातावरण बरं नव्हतं. भय्यासाहेब भार्गवीशी कामापुरतं बोलत, आणि नातेवाइकांत तिचं नाव 'बोर्डवाली' पडलं ते पडलंच. तिनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. सुलभाताई मात्र आठवड्यातून दोनदा हॉटेलात जाऊन बसायला लागल्या. पाटवड्या कशा थापायच्या, फणसाला मसाला किती, वांगं कुठल्या तेलात परतायचं, हे त्या खुर्चीवरून सांगत आणि वेजच्या नव्या शेगडीवरचा माणूस करत जाई. एकाच घरात खाणारे आणि न खाणारे दोन्ही असतात, हे हर्षलला गिऱ्हाइकांनीच शिकवलं. अशी घरं हळूहळू यायला लागली, पूर्ण टेबल भरून.

आल्हादनं माफी मागितली, ती एकदा नाही, दोन-तीनदा मागितली. भार्गवीनं ती ऐकून घेतली. पण बाहेर जेवायला गेलं आणि वेटर आला की तो सवयीनं म्हणायचा, हिच्यासाठी हे आणा, आणि ती म्हणायची, "माझं मी सांगते." मग वेटरला तीच विचारायची, कशात शिजतं, कोण शिजवतं, पळी कुठली. आल्हाद त्या वेळी दुसरीकडे बघत बसायचा. पूर्वी ती त्याच्यासाठी थांबली असती. आता थांबत नव्हती.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सोमवारी संध्याकाळी सुलभाताईंनी तिला बरोबर नेलं. त्या घटनेनंतर भार्गवी पहिल्यांदाच तिथे जेवायला बसत होती. पाटवड्यांचा रस्सा आला. दोघींनी पोळी मोडली. रस्सा झणझणीत होता, मीठ किंचित जास्त, पण पाटवड्या मऊ आणि अख्ख्या राहिलेल्या. सासूबाई काही न बोलता जेवत होत्या, म्हणजे त्यांना आवडला होता.

गल्ल्याशी एक जैन कुटुंब चौकशी करत होतं, आत यावं की नाही अशा विचारात. हर्षल हसतमुखानं समजावत होता, "बेफिकर आइए साहब, हमारे यहाँ तो शुरू से वेज किचन बिल्कुल अलग है."

भार्गवीचा घास तोंडापाशी थांबला. बोर्ड कालपरवाच काढलेला दिसत होता, भिंतीवर त्याच्या जागी स्वच्छ चौकोन उरला होता. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या, "जा."

ती उठली, गल्ल्यापाशी गेली, आणि त्या कुटुंबातल्या वडीलधाऱ्या बाईंना नमस्कार करून म्हणाली, "शुरू से नहीं है, माँजी. इस दिवाली के पहले से अलग है. उसके पहले मटन का पानी पड़ता था. अब नहीं पड़ता. किचन देखना हो तो मैं दिखा देती हूँ."

त्या बाई हर्षलकडे पाहत राहिल्या. हर्षल खालच्या मानेनं बिलाची चवड नीट करायला लागला. बाईंनी थोडा विचार केला, नवऱ्याशी काही बोलल्या, आणि म्हणाल्या, "दिखाइए."

भार्गवीनं पदर खोचला आणि त्यांना आत घेऊन गेली.